खळ्यावरचा हिरडा

आमच्या शेठनी त्या सकाळी गोदामातल्या सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. एवढ्यावरूनच काहीतरी विशेष घडलंय हे मी ओळखायला हवं होतं. ते माझ्या टेबलाशी आले, मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र पसरलं आणि एका बातमीवर बोट ठेवून म्हणाले, "वाचा बाई, मोठ्यानं वाचा. हमालांनाही कळू दे."

मी वाचून मराठीत सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका देशानं आपल्याशी करार केला होता आणि आपल्याकडून तिकडं जाणाऱ्या काही मालावरची जकात उठवली होती. त्या यादीत हिरडा होता. हमालांनी चहा संपवला आणि ते कामाला लागले. शेठ मात्र दिवसभर हवेत होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारामागे शेठचं गोदाम होतं. मावळातल्या डोंगरवाड्यांवरून येणारा हिरडा, शिकेकाई, मध असा जंगलचा माल तिथं जमा व्हायचा. मी बाविशीची, इंटर झालेली, तळेगावहून रोज सकाळच्या गाडीनं यायची. इंग्रजी पत्रं वाचायची आणि लिहायची हे माझं काम. शेठना इंग्रजी येत नव्हतं आणि मला व्यापार कळत नव्हता, त्यामुळे आमचं बरं जमायचं. खोकल्यासाठी उगाळून देतात तेवढाच हिरडा मला ठाऊक होता. त्याचा खरा खप कातडी कमावणाऱ्यांकडे असतो, तिकडच्या कारखान्यांत बुटांच्या तळव्यांचं कातडं त्यानं कमावतात, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

तोवर आमचा माल मुंबईच्या दलालाच्या हातून जायचा आणि पुढं त्याचं काय होतं हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. जकात उठली तसं परदेशच्या एका खरेदीदारानं थेट शेठच्या नावे पत्र पाठवलं. भाव नेहमीपेक्षा कितीतरी चढा होता. पत्राला चार पानांची पुरवणी होती. माल कसा असावा याच्या अटी त्यात होत्या: ओलावा किती चालेल, किडकं फळ किती चालेल, खडामाती किती, वाळवण कुठं घालायचं, पोती कसली वापरायची. शेठनी ती पानं हातात तोलून पाहिली.

"जकात गेली आणि हे आलं," ते म्हणाले आणि हसले.

मीही हसले. दार उघडलंय तर आत जाताना पाय पुसायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. नवी शिकलेली होते, छापील कागदावर माझा फार विश्वास होता.

त्यातल्या दोन अटी महत्त्वाच्या. जनावरं फिरतात अशा उघड्या रानात माल वाळवू नये, तो स्वच्छ, टणक आणि धूळ नसलेल्या जमिनीवर वाळवावा, ही पहिली. मालात जनावरांची कसलीही घाण असता कामा नये, ही दुसरी. हे सगळं वाडीवर जाऊन समजावून सांगायला हवं, असं मी शेठना म्हटलं.

"मग तुम्हीच जा," शेठ म्हणाले. "तुम्हाला त्यांच्याशीही बोलता येतं आणि साहेबाशीही. अशी माणसं मिळतात कुठं?"

मला ते कौतुक भलतंच आवडलं. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

दसरा झाल्यावर मी गेले. कामशेतपर्यंत गाडीनं आणि पुढं नाणे मावळातून पायी. वाडी डोंगराच्या कुशीत होती, कारवीच्या भिंतींची पंधरा-वीस घरं. तिथली एक बाई दरवर्षी दिवाळीआधी मधाचा डबा डोक्यावर घेऊन लोणावळ्याला यायची, म्हणून तिची माझी ओळख होती. मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशीची असेल, सडसडीत, बोलायला तोलूनमापून. समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, त्यामुळे मला नेहमी उगाचच दोन वाक्यं जास्त बोलावी लागायची.

अडचण अशी होती की दिवाळी झाली की ती वाडी ओस पडायची. धडधाकट सगळे वीटभट्टीवर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. हिरड्याचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत. मागं राहिलेली म्हातारी माणसं वेचतील तेवढाच हिरडा आमच्याकडे यायचा. खरेदीदाराला हवा होता तेवढा माल काढायचा तर वाडीनं भट्टी सोडून थांबायला पाहिजे होतं.

मावशीनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"थांबू आमी," ती म्हणाली. "पर खरं सांगा ताई, त्यो भाव मिळंल का? न्हाईतर मुकादम दुसरी मानसं लावंल. मागनं गेलो तर हलकं काम बी न्हाई मिळायचं."

"माल पास झाला की मिळेल," मी म्हटलं. "आणि माल पास होईल असं आपण करू."

तिनं दारात बसलेल्या सुनेकडे पाहिलं. सून माझ्याहून लहान होती, तांदूळ निवडत होती.

"हिला तिसरा म्हैना हाय," मावशी म्हणाली. "पैलं पोर भट्टीवर झालं. धगीत अन् धुरळ्यात. बारा दिस बी न्हाई काडलं त्यानं. हे घरात व्हावं म्हंते मी. मला दुसरं काय बी नगं."

सुनेनं मान वर केली नाही. मी म्हटलं, घरातच होईल. असं म्हणण्याचा मला काय अधिकार होता कोण जाणे, पण मी म्हटलं खरं.

मग मी अटींची पानं काढली. त्यांचा हिरडा आजवर वर पठारावरच्या कातळावर वाळायचा. कातळ उन्हानं तापतो, माल लवकर खणखणीत होतो. पण तिथं शेरडं फिरत, माकडं येत, वाऱ्याबरोबर धूळ येई. मी कागदात बघितलं आणि कातळ बाद केला. प्रत्येक घरापुढं भाताचं खळं होतं, काट्यांचं कुंपण घातलेलं. ते मला पसंत पडलं.

"इथं वाळवा," मी म्हटलं. "आणि शेळ्या आत येऊ देऊ नका. मालात एक लेंडी दिसता कामा नये."

"सायबाला लेंडीचं येवढं वावडं?" मावशी हसली.

"फार वावडं. खळं मात्र छान सारवून घ्या. धुळीचा कण नको."

"सारवू की. दर चौथ्या दिशी सारवू."

आणि त्यांनी सारवलं. मी पंधरा दिवसांनी एकदा जाऊन बघून यायचे. बायका पहाटेच रानात जात, झाडं झोडपून हिरडा पाडत, पाट्या भरून आणत. सून घरीच असायची. ती खळ्यावर बसून फळं खालीवर करायची, काळं पडलेलं, भोक पडलेलं फळ बाजूला टाकायची. दहिवर पडायच्या आत सगळं पोत्यांनी झाकायचं हेही तिच्याकडे. चौथ्या दिवशी मावशी माल एका बाजूला सारून अर्धं खळं सारवायची, ते वाळलं की माल तिकडं घेऊन उरलेलं अर्धं. ताज्या शेणाचा तो हिरवट ओला पोत आणि त्यावर पिवळसर हिरडा पसरलेला. मला तर सणाच्या दिवसासारखं वाटायचं. माझ्या तळेगावच्या घरातही स्वयंपाकघर शेणानंच सारवलेलं होतं. आई दर आठवड्याला सारवायची, आणि वाळलं की त्यावर पाट मांडून आम्ही जेवायला बसायचो. स्वच्छ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तीच जमीन यायची.

माल वेळेत लोणावळ्याला आला. परदेशी जाणाऱ्या मालाची सरकारी तपासणी व्हायची, तसा एक अधिकारी आला. चांगला, शिस्तीचा माणूस होता. त्यानं पोती उघडली, मूठभर हिरडा काढला, दगडावर आपटून आवाज ऐकला, फोडून पाहिला, नाकाशी नेला. "एक नंबर," तो म्हणाला आणि दाखला दिला. त्याच्याही घरी कुठंतरी सारवलेलं अंगण असणार. शेठनी वाडीला नेहमीच्या बाजारभावानं पैसे तेव्हाच देऊन टाकले. वरचा फरक माल तिकडं पास झाल्यावर द्यायचा ठरलं होतं. त्या फरकावरच वाडी पावसाळ्यापर्यंत तगणार होती.

जहाज गेलं आणि वाट बघणं सुरू झालं. त्या काळात मी एकदा सहज म्हणून वाडीवर गेले. कामाचं काही कारण नव्हतं. मावशीनं घराच्या एका बाजूला बाळंतपणासाठी नव्या कारवीचा आडोसा करून घेतला होता. पलीकडच्या वाडीवरच्या सुईणीला सांगून ठेवलं होतं. सुनेचं पोट आता दिसत होतं. ती माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलली. "हितं उजेड येतो सकाळचा," आडोशाकडे बोट दाखवून ती म्हणाली. परत येताना मी गाडीत गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं.

फाल्गुनात पत्र आलं. माल बंदरावरच सीलबंद करून ठेवला होता. हिरड्याच्या सुरकुत्यांत आणि पोत्यांच्या तळाशी गाईगुरांच्या शेणाचे कण आणि पोपडे सापडले होते. त्या देशात गुरांच्या साथीच्या रोगाविरुद्ध कडक कायदा होता आणि जनावराच्या विष्ठेचा अंश असलेला कुठलाही माल आत घेता येत नव्हता. माल परत न्यावा किंवा शेठच्या खर्चानं तिथंच जाळावा, यांपैकी काय ते कळवा, असं सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

मी पत्र दोनदा वाचलं. जनावरांची घाण नको, हे मी वाडीवर इतक्या ठसक्यात सांगितलं होतं, आणि शेण हे जनावराचंच असतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्यानं आपण घाण काढतो ती वस्तू स्वतः घाण कशी असेल? मावशीच्या मनात आलं नाही, शेठच्या नाही, दाखला देणाऱ्या साहेबाच्या नाही. आणि कातळावर वाळवला असता तर तो माल कदाचित पास झाला असता. मी कागद घेऊन वाडीवर गेले नसते तर.

शेठ आधी हसले. "गुरांची कातडी कमवायला न्यायचा माल, आणि त्यांना गुरांच्या शेणाची भीती?" मग म्हणाले, "जकात उठवली की माल अडवायला दुसरं काहीतरी लागतंच, बाई." त्यांनी माल जाळायला सांगितला. परत आणायचं भाडंच मालाच्या किमतीपेक्षा जास्त झालं असतं. तसं पत्र मी लिहिलं, आणि नेहमीप्रमाणे चांगल्या इंग्रजीत लिहिलं.

शेठचं ते वाक्य मी पुढं अनेक वर्षं मनात घोळवलं. तिकडच्या लोकांनी मुद्दाम केलं, असं मानलं की बरं वाटतं, सगळा राग एका जागी ठेवता येतो. पण मला ते पूर्ण पटत नाही. तिकडं खरंच गुरं मरत असतील. ज्यानं ती चार पानं लिहिली त्याच्या डोळ्यांपुढं फरशीची किंवा सिमेंटची जमीन असणार, आणि शेणानं जमीन स्वच्छ करणारी माणसं जगात आहेत हे त्याच्या गावीही नसणार. करार करणाऱ्यांनी जकातीचा आकडा पाहिला, दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या, वर्तमानपत्रात बातमी आली. खळं कुणी पाहिलं नाही. ते पाहायचं काम माझं होतं, आणि मी पाहूनही पाहिलं नाही. हे मला अजून सलतं.

वाडीवर सांगायला मीच गेले. शेठ म्हणाले होते, माणूस पाठवतो. मी नको म्हटलं, पण वाटेत दोनदा मागं फिरावंसं वाटलं. मावशी अंगणात होती. मी एका दमात सांगून टाकलं.

"शेन?" ती म्हणाली. "शेन घान हाय?"

"त्यांच्याकडे तसं मानतात."

"मंग ते भुई कशानं सारवत्यात?"

ती नेहमीसारखी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमच्या घरी सारवत न्हाईत?"

"सारवतात."

"मंग तुमास्नी ठाव नव्हतं?"

"नव्हतं, मावशी."

तिनं मान हलवली. सून आडोशाच्या आत होती, तिनं सगळं ऐकलं असणार. बाहेर काही ती आली नाही. मावशीनं मला पाणी दिलं, गूळ दिला, रीत काही सोडली नाही. निघताना म्हणाली, "जपून उतरा, उताराला खडी लय हाय." पुढच्या आठवड्यात वाडी भट्टीवर गेली. पावसाळ्यापर्यंत खायचं काय, या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतं. सुनेला आठवा लागला होता.

इकडं मी खरेदीदाराला पत्र लिहून विचारलं की पुढच्या वर्षी माल कशावर वाळवला तर चालेल. लगेच उत्तर आलं. सिमेंटवर किंवा ताडपत्रीवर, आणि तसा माल ते आनंदानं घेतील. मी शेठना म्हटलं, वाड्यांना ताडपत्र्या देऊ या. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वीस वाड्या, तीनशे खळी. कुठल्या खळ्यावर ताडपत्री अंथरली आणि कुठल्या नाही, हे बघत फिरणार कोण? तुम्ही? एकदा गेलात ना." त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण मला लागला. "त्यापेक्षा गोदामामागं सिमेंटचा ओटा घालू. माल ओलाच विकत घेऊ. वाळवण आपल्या डोळ्यांसमोर."

व्यापार म्हणून ते बरोबरच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ओल्या मालाला भाव कमी असतो, वाळवण्याची मजुरी आणि वाळलेल्या मालाचा भाव ओट्याच्या मालकाकडे जातो, एवढाच काय तो फरक. ओटा झाला. पुढच्या वर्षांत आमचा हिरडा एकदाही अडला नाही. निर्यात वाढली म्हणून शेठचा मुंबईत सत्कार झाला आणि त्यांचं इंग्रजी भाषण मी लिहून दिलं. वाडी दिवाळीनंतर भट्टीवर जात राहिली. थोडक्या ओल्या हिरड्यासाठी थांबणं कुणालाच परवडत नव्हतं.

पण हे पुढचं झालं. त्या वर्षी चैत्र संपताना, ओट्याचं सिमेंट अजून ओलं असताना, मी भट्टीवर गेले. सोमाटण्याला एसटीतून उतरून पवनेच्या काठानं चालत. जाऊ नये असं फार वाटत होतं, आणि न जाणं त्याहून अवघड होतं. कच्च्या विटा रचून, वर उसाचं पाचट टाकून खोपटी उभी केली होती. उभं राहिलं तर डोकं पाचटाला लागे. सून आत होती, तिच्या कुशीत मूल. मुलगी झाली होती, वीस दिवसांची. बारा दिवस उलटून गेले होते, हे मी मनातल्या मनात मोजलं.

मावशी गाऱ्यानं माखलेले हात पुसत आली. मी आणलेलं झबलं तिनं उलटसुलट करून पाहिलं. मी तिला ओट्याचं सांगितलं, पुढच्या वर्षी हिरडा ओलाच घेणार तेही सांगितलं.

"वाळवनार कोन मंग?"

"शेठची माणसं."

"हां," ती म्हणाली. तिनं झबल्याची घडी घातली.

बाहेर विटांचा धूर होता, मूल अधूनमधून शिंकत होतं. शेवटी मी म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. हे घरात व्हायला पाहिजे होतं."

तिनं सुनेच्या कुशीतलं मूल उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी धरायचं असतं हेसुद्धा तिला मला दाखवावं लागलं.

"आमाला वाटलं हुतं, तुमाला सायबाचं समदं ठाव हाय," ती म्हणाली. "म्हनून थांबलो आमी. तुमी तर आमच्यातल्याच निघाल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाहेरून मुकादमानं हाक मारली, तशी ती उठून विटा वाहायला गेली. तिच्यामागं सूनही उठली, कमरेला पदर खोचून बाहेर पडली, आणि मूल माझ्याकडेच राहिलं.